जीपचं वजन

मारेगाव,
रविवार, २० जानेवारी २००८

प्रिय नयन,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, साखर आटोक्यात आहे, आणि जीप कालच वणीला जाऊन आली, वाटेत एकदाही बंद पडली नाही. मंगळवारपासून आपल्या साइटवर माझा पासवर्ड चालत नाही. ई-मेल लिहिली तर तू ऑफिसात वरवर वाचून ‘हो आई, बघतो’ एवढं उत्तर पाठवशील, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून शाळेच्या स्टेशनरीतली पानं घेऊन बसले आहे. वाचून झालं की प्रेरणालाही वाचायला दे. ती आता आपल्या घरची आहे, आणि घरातल्या गोष्टी तिला बाहेरच्यांकडून कळू नयेत असं मला वाटतं.

तू मला तो कॅमेऱ्याचा फोन आणून दिलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. आई शाळेतून आली की एकटीच असते, तिला काहीतरी विरंगुळा हवा. तू आणि तुझ्या तीन दोस्तांनी पुण्यात बसून ‘आपलं मारेगाव’ साइट उघडली होती, आणि गावातून फोटो पाठवणारं तुम्हाला कोणीतरी पाहिजेच होतं. फोटो काढायचा, खाली चार ओळी लिहायच्या, ठरलेल्या पत्त्यावर पाठवायच्या, की आपोआप साइटवर चढतात, हे तू मला दिवाळीच्या सुट्टीत तीन वेळा शिकवलंस. तुला वाटलं असेल आई तुळस टाकेल, रांगोळी टाकेल, फार तर शाळेचं गॅदरिंग टाकेल. मी कार्बोरेटर टाकला. तुझ्या त्या दोस्ताचा फोन आला होता ना, काकूंनी चुकून भलताच फोटो पाठवला का म्हणून?

चुकून नव्हता. परसातली जीप अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. कापसाच्या जिनिंगच्या शेठनं बाबांना नोकरीत असताना दिलेली, सरकारी लिलावातली जुनी पेट्रोल जीप. बाबांनी ती आणली, कडुनिंबाखाली लावली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. विचारलं की म्हणायचे, पेट्रोल किती पिते माहीत आहे का तुला. ते गेल्यावर भंगारवाला आला आणि चाकाला लाथ मारून भाव सांगायला लागला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझ्या दारात उभा राहून माझ्या गाडीला लाथ मारतो! त्याला हाकललं आणि वणी रोडवरच्या धावजी मिस्त्रीला बोलावून आणलं. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘इंजन जाम हाय बाई, पन मेलं नाही. तुमी सोता हात काळे करत असान तं मी येतो. नुस्तं बसून काम सांगान तं मले टाइम नाही.’’ हात काळे करायला मी केव्हाचीच तयार होते. दर रविवारी आम्ही दोघं परसात. प्लग काढून घासले, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुतला, सीटखालून उंदराचा अख्खा संसार बाहेर काढला. गावात मागून बोलायचे, साहेब गेल्यापासून मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला. बोलोत. सात महिन्यांनी ती गाडी जेव्हा धडधडून सुरू झाली तेव्हा धावजीनं टोपी काढून माझ्या हातात दिली होती, आणि मी भर परसात ओरडले होते. एवढा आनंद मला बी.एड.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

मग मला त्या साइटचा नादच लागला. तेव्हा आपल्या तालुक्यात बाहेरचे कॅमेरे किती येत होते ते तू पुण्यात टीव्हीवर बघत होतास. इथं मी ते फाटकात उभे असलेले बघत होते. कापसाचं वाटोळं झालेलं, पोटात आग, आणि दिल्लीची गाडी येऊन विचारणार, रडणारी बाई कुठल्या घरात मिळेल. एकानं मलाच विचारलं, मॅडम, एखादं घर दाखवता का. मी त्याला परसात नेऊन जीप दाखवली. त्याला वाटलं मी खुळी आहे. त्याच दिवशी मी ठरवलं की माझ्या फोनमधून या गावाचा एकही रडका फोटो जाणार नाही. बोंडअळी पडली तर अळीचा फोटो जाईल. भाव पडला तर जिनिंगच्या फाटकापासून बसस्टँडपर्यंत लागलेल्या गाड्यांच्या रांगेचा जाईल, आणि त्या गाड्यांखाली पत्ते खेळत बसलेल्या माणसांचा जाईल. आणि मधे मधे माझा गिअरबॉक्स. दुबईला नर्स असलेली मुकुटबनची पोरगी मला लिहायची, मॅडम, ड्यूटी संपली की आधी तुमची जीप बघते. लोक मला जीपवाली मॅडम म्हणायला लागले. तू हसायचास, पण तुलाही अभिमान वाटायचा. वाटायचा ना?

आता वजनाचं सांगते, कारण तुला त्यातलं निम्मंच माहीत आहे. ऑक्टोबरात नागपूरच्या देवसिंगनं साइटवर विचारलं, मॅडम, तुमच्या गाडीचं रिकामं वजन किती. त्याच्याकडे हुबेहूब अशीच जीप आहे, मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलायचे होते, आणि पाटे किती जाडीचे घालायचे ते वजनावर ठरतं. मी म्हटलं त्यात काय, आपल्या जिनिंगचा काटा आहे, जिथं तुझ्या बाबांनी हयात घालवली. गाडी काट्यावर चढवली, खाली उतरले, चिठ्ठी घेतली. अकराशे पन्नास किलो. चिठ्ठीचा फोटो टाकला. देवसिंगनं उलट लिहिलं, माझी बाराशे भरते, तुमची कमी कशी? नोव्हेंबरात पेन्शनच्या कागदांसाठी यवतमाळला गेले तेव्हा तिथल्या काट्यावर गाडी चढवली. बाराशे. दोन्ही वेळेला मी खाली उतरलेली, दोन्ही वेळेला टाकी अर्धी, स्टेपनी जागेवर. मग पन्नास किलो कुठे गेले? मला राहवलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून फोटो काढला आणि खाली लिहिलं, आपल्या गावचा काटा पन्नास किलो खातो.

आणि तिथं मी तोंडावर आपटले. आमच्या दहावी अ मधल्या एका पोरीनं लिहिलं, मॅडम, कापसाची गाडी आधी भरलेली मोजतात, मग रिकामी. दोन्हीत पन्नास कमी असेल तर वजाबाकीत ते निघून जातं ना, तुम्हीच शिकवलं होतं. चार ओळींत माझी विकेट. तेवीस वर्षं मी पोरींना शून्य त्रुटी शिकवते, दरवर्षी पेपरात विचारते, आणि स्वतःच भर चौकात तीच चूक केली. मी जाहीर माफी मागितली, त्या पोरीचं नाव घेऊन. तू फोन करून म्हणालास, बरं झालं आई, विषय मिटला. तुझ्या आवाजात केवढी सुटका होती! मला वाटलं माझी शोभा झाली म्हणून तुला लाज वाटत होती आणि ती आता संपली.

विषय मिटला नव्हता. डिसेंबरात प्रयोगशाळेत एका जुन्या ताणकाट्याशी झटापट करत होते. मोकळा असताना तो शून्यावरच उभा असायचा, पण किलोचं वजन लटकवलं की थोडं कमी दाखवायचा, दोन किलो लटकवलं की त्याच्या दुप्पट कमी. पोरींना फळ्यावर लिहून दिलं, काट्याची चूक दोन तऱ्हेची असते. एक सगळीकडे सारखी असते, ती वजाबाकीत जाते. दुसरी वजनाबरोबर वाढते, ती जात नाही. खडू हातातच राहिला. आपल्या काट्याची चूक कुठल्या तऱ्हेची आहे हे मी तपासलंच नव्हतं. पोरगी मला बोलली आणि मी गप्प बसले, बस्स.

शाळेच्या भिंतीसाठी सिमेंट आलं होतं. त्यातल्या दहा गोण्या मी मुख्याध्यापकांना विचारून घेतल्या आणि किराणा दुकानाच्या काट्यावर, छाप मारलेली वजनं लावून, एकेक करून मोजल्या. एकीत किलोभर जास्त निघालं तर तेवढं सिमेंट काढून ठेवलं. दहा गोण्या, बरोबर पाचशे किलो. या कामात धावजी होता आणि कांताबाई होती. आपल्या शेताला लागून जिचं चार एकर आहे ना, तीच कांताबाई. ती मला म्हणाली होती, ‘‘मॅडम, काटा मोजान तवा मले घेऊन जा. वर्सोवर्स तो माहा कापूस मोजते, एक खेपेला मीबी त्याले मोजतो.’’ गेल्या रविवारी गेलो. हंगामात जिनिंगला रविवार नसतो. आधी रिकामी जीप चढवली, अकराशे पन्नास. बाहेर येऊन गोण्या भरल्या, धावजी पाट्यांकडे बघून सारखा चुकचुकत होता. भरलेली जीप चढवली. सोळाशे तीस. मी तिथंच चिठ्ठीच्या पाठीवर वजाबाकी केली. पाचशे किलो घातले, काट्यानं चारशे ऐंशीच मोजले.

म्हणजे क्विंटलमागे चार किलो. मी कांताबाईला समजावून सांगितलं, दहा क्विंटलच्या गाडीत चाळीस किलो जातात. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. आपल्याकडे एक बाई सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून कापूस वेचते तेव्हा चाळीस किलो होतो. कांताबाई म्हणाली, ‘‘म्हंजे हरएक गाडीमागं माहा एक दिवस गेला.’’ ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी फोन काढून गोण्यांनी भरलेल्या जीपचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, काटा मोजला, आकडे उद्या सांगते. चिठ्ठ्यांचा फोटो जाईना, रेंज गेली होती. हे नीट लक्षात ठेव, नयन. आकडे गेले नव्हते.

गोण्या शाळेत परत उतरवताना कांताबाईनं मला विचारलं. कपाळावरचं सिमेंट पदरानं पुसत, सहज, जसं कोणी भाजीचं विचारावं तसं. ‘‘मॅडम, तुमचे साहेब सोता या काट्यावर बसत. मंग तुमचा कापूस वणीले काहून नेत जाय?’’ मी चटकन उत्तर दिलं, इथं गर्दी असायची म्हणून. ती ‘हो जी’ म्हणाली आणि कामाला लागली. उत्तर माझं नव्हतंच. बाबांचं होतं, शब्दाला शब्द. दरवर्षी मी विचारायचे, घरचा काटा सोडून वीस किलोमीटर कापूस कशाला न्यायचा, आणि दरवर्षी ते म्हणायचे, इथं गर्दी असते. मामाचा कापूसही त्यांनी कधी इथं येऊ दिला नाही. दहा वर्षं मी ते उत्तर ऐकून पोळ्या लाटत राहिले. एका अडाणी म्हणवणाऱ्या बाईला जे एका रविवारात दिसलं ते मला, विज्ञानाच्या शिक्षिकेला, दिसलं नाही. दिसलं नाही की मी पाहिलं नाही, ते मी अजून ठरवू शकलेली नाही.

सोमवारी सकाळी तुझा फोन आला. इतक्या सकाळी तू कधी करत नाहीस. तू म्हणालास, आई, तो फोटो काढून टाक, ती जुनी पोस्टही काढ. जिनवाले कोर्टात जातील. मी म्हटलं, जाऊ देत, माझ्याकडे चिठ्ठ्या आहेत. मग तू चिडलास आणि म्हणालास, क्विंटलला चार किलोनं कोणी मरत नाही. मीही चिडले आणि फोन ठेवला. शाळेत दोन तास घेतले, घरी आले, भात टाकला, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत माझ्या लक्षात आलं. चार किलो मी तुला सांगितलेच नव्हते. साइटवर नव्हते, फोनवर नव्हते. मला, धावजीला आणि कांताबाईला सोडून तो आकडा या जगात फक्त काटा ज्यांचा आहे त्यांना माहीत होता. आणि तुला.

मंगळवारी पोस्ट गेली, फोटो गेला, माझा पासवर्ड गेला. तू म्हणालास सर्व्हर बिघडला. तू ज्या सुरात म्हणालास ना, तो सूर मी दहा वर्षं ऐकलेला आहे. त्याच दिवशी दुपारी जिनिंगचा मॅनेजर शाळेत आला. ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘मॅडम, तुमाले गाडीचा शौक हाय तं गाडी चालवा. आमच्या काट्याले हात कायले लावता? साहेबांचं नाव हाय गावात, थ्याचा तरी विचार करा.’’ मी त्याला सांगितलं, साहेबांची बायको मी आहे, त्यांच्या नावाचा विचार मी करते, तुम्ही तुमच्या काट्याचा करा. तो गेला तेव्हा मुख्याध्यापकांनी मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाले, मॅडम, जाऊ द्या. जाऊ द्या! सगळे मला हेच सांगतात. धावजी एकटाच तसं म्हणत नाही, तो माझे पाटे तपासतो.

मग मी बसून एक एक धागा जोडत गेले. इलेक्ट्रॉनिक काटा चौऱ्याण्णव साली बसला. जीप त्याच दिवाळीत आली. मी सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले होते, इमानदारीनं नोकरी केली म्हणून शेठनं दिली. आता कळतं की ते ती गाडी का चालवत नव्हते. घेतली नसती तर नोकरी गेली असती, आणि चालवली असती तर त्यांना स्वतःचं तोंड आरशात बघता आलं नसतं, असं आपलं मी म्हणते. खरं काय ते त्यांनाच ठाऊक. आणि त्याच वर्षी तू आठवीत होतास. शाळा सुटली की बाबांचा डबा काट्याच्या खोलीत नेऊन द्यायचं काम तुझं होतं, आणि तुला ते आवडायचं, त्या लाल आकड्यांसमोर बसून राहायचास. पोळा झाला, नवरात्र झालं, आणि एक दिवस तू म्हणालास, मी डबा नेणार नाही. का, ते सांगेनास. तीन दिवस सांगितलं नाहीस. चौथ्या दिवशी मी तुला मारलं, आळशी म्हणाले, बापाच्या जिवावर जेवतोस म्हणाले. तू डबा उचललास आणि गेलास. नयन, तेरा वर्षांच्या पोराला मी त्या खोलीत परत पाठवलं. त्याची माफी मागते. तेरा वर्षं उशिरा मागते, पण मनापासून मागते.

तुझ्या बाबांवर मी प्रेम केलं आणि अजून करते. त्यांनी मला लग्नानंतर शिकू दिलं, सासूशी भांडून शिकू दिलं. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते स्वतः भाकरी थापायचे, जाड आणि कच्च्या. तो माणूस वाईट नव्हता. पण काटाही खोटाच होता. या दोन्ही गोष्टी मला आता एकदम बाळगाव्या लागणार, आणि मी बाळगीन. मेलेल्या माणसाचं नाव झाकून ठेवायला जिवंत बायांचे दिवस खर्च करायचे, हे मला जमणार नाही. त्यांच्या नावाला गावानं मान दिला तो काट्याच्या खोलीतल्या खुर्चीला दिला. मला तसला मान नको, आणि माझ्या नवऱ्यालाही तो आता उपयोगाचा नाही.

साइटचं म्हणशील तर ती तुझी आहे, तू ठेव. मी भांडणार नाही. बुधवारी नेट कॅफेत बसून त्या दहावीतल्या पोरीच्या मदतीनं मी माझं वेगळं पान उघडलं, फुकटात मिळतं म्हणे. देवसिंगनं नागपुरातून ते जुळवून दिलं, आता फोनमधून सरळ तिथंच फोटो चढतो. चारही चिठ्ठ्या तिथं आहेत, किराण्याच्या काट्यावरच्या दहा गोण्या आहेत, कांताबाईचा फोटो आहे, तिला विचारून काढलेला, आणि ती त्यात रडत नाही. दुबईच्या पोरीनं तो पत्ता सगळ्यांना पाठवला. शनिवारी मार्डी रोडच्या दोघा जणांनी इथल्या चिठ्ठ्या घेऊन, माझ्यासमोर आपापले ट्रॅक्टर वणीच्या काट्यावर पुन्हा मोजले. त्यासाठीच मी काल वणीला गेले होते. त्यांचाही हिशोब तोच निघतो. तू एक दार लावलंस तर लोकांनी मला दुसरं उघडून दिलं, एवढंच.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. पासवर्डसाठी नाही. गुरुवारी मी यवतमाळला जाऊन वजनमापे कार्यालयात लेखी तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, चिठ्ठ्या पाहिल्या आणि मग खरं तेच बोलले. बाई, आम्ही आमची वजनं घेऊन येऊ त्या दिवशी काटा बरोबरच दाखवेल. ठप्पा लावून आम्ही परतलो की मग आत काय फिरवतात, कसं फिरवतात, हे डोळ्यांनी पाहिलेलं कोणी लिहून देत असेल तर आम्ही ते खोकं उघडून बघू. आज जो ते करतो तो लिहून देणार नाही, आणि आधी करायचा तो माणूस तीन वर्षांपूर्वी गेला. पाहिलेला एकच माणूस उरला आहे, आणि तो पुण्यात आहे. सव्वीस जानेवारी शनिवारी आहे, तुला सुट्टी आहे. सोमवारी अठ्ठावीसला साहेबांनी मला जबाबासाठी बोलावलं आहे. मी जीप घेऊन सकाळी नऊला निघेन. बाजूची सीट धावजीनं नवी बसवली आहे. तू आलास तरी मी बाबांचं नाव सांगणार आहे, आणि नाही आलास तरी सांगणार आहे, त्यात आता बदल नाही. पण त्या खोलीत डबा घेऊन कोण जायचं असं साहेबांनी विचारलं तर मी गप्प बसेन. तुझं नाव मी घेणार नाही, नयन. ते तुझं तूच घ्यायचं.

तुझीच,
आई